दाब वाढवला, पाणी का वाढलं नाही?

या महिन्यातली तीन पत्रं वेगवेगळ्या गावांहून आली आहेत, पण दुखणं एकच आहे. म्हणून ती एकत्र घेते. पहिल्या पत्राला जरा जास्त जागा देणार आहे, कारण ते वाचताना माझे साखर कारखान्यातले दिवस डोळ्यांपुढे उभे राहिले.

प्रश्न : मी इचलकरंजीतल्या एका प्रोसेस हाउसच्या (कापड रंगवण्याच्या कारखान्याच्या) ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेवर, ऑपरेटर आहे. गाळातलं पाणी काढायला आमच्याकडे फिल्टर प्रेस आहे. आधी पंपाचं प्रेशर (चौरस सेंटिमीटरला) ४ किलो असायचं आणि एक बॅच निघायला साडेतीन तास लागायचे. काम लवकर उरकावं म्हणून मालकांनी मोठा पंप बसवला. आता ७ किलो प्रेशर मिळतं. पहिली दोन मिनिटं सगळ्या नळांतून पाणी जोरात येतं, मग धार एकदम करंगळीएवढी होते आणि बॅचला तेवढेच तास लागतात. प्रेस उघडली की कापडाला चिकटलेला केक, म्हणजे गाळाचा थर, चामड्यासारखा असतो आणि मधे अजून चिखलच. कापडं बदलली, ॲसिडनं धुऊनही पाहिली. पंप अजून मोठा हवा का?

नको. मालकांना आधी हे सांगा, म्हणजे पुढचा खर्च वाचेल.

तुम्ही पत्रात एक ओळ लिहिलीत ती फार मोलाची आहे : कापडाशी चामडं आणि मधे चिखल. बरेच जण प्रेस उघडतात, केक खाली पाडतात आणि पुढची बॅच लावतात. तुम्ही हात लावून पाहिलंत. सगळं उत्तर त्या चामड्यात आहे.

पाणी कोण गाळतं, ते आधी बघू. आपल्याला वाटतं, कापड गाळतं. कापड फक्त पहिला मिनिटभर गाळतं. त्यानंतर कापडावर जो गाळाचा थर बसतो तोच गाळणी होतो आणि पुढच्या प्रत्येक थेंबाला त्याच्यातून वाट काढावी लागते. थर जाड होत जातो तशी वाट लांबते आणि धार बारीक होते. इथपर्यंत कोणत्याही गाळात हेच घडतं, अगदी वाळूतसुद्धा. थर दुप्पट जाड व्हायला चौपट वेळ लागतो, हा हिशोब बहुतेक प्रेसना लागू पडतो.

आता तुमचा गाळ वाळूपेक्षा वेगळा कुठे आहे? वाळूचा कण दाबला तरी वाळूच राहतो. त्यांच्यामधल्या पोकळ्या तशाच राहतात. रंगाच्या पाण्यातला गाळ म्हणजे चुना, फेरस किंवा पॅक ही गाळ धरणारी रसायनं टाकून धरलेले मऊ गोळे. त्यांच्या पोटात पाणीच जास्त. ते दबतात, चपटे होतात, एकमेकांत घुसतात आणि मधल्या वाटा बंद करतात.

दाब कणांवर नेमका कसा येतो, ते सावकाश समजून घ्या. केकच्या वरच्या तोंडाशी, म्हणजे चिखलाच्या बाजूला, पाण्याचा दाब ७ किलो आहे. कापडाच्या पलीकडे तो जवळजवळ शून्य. मधे पाणी कणांना घासत जातं आणि प्रत्येक घासणीत त्याचा थोडा थोडा दाब कमी होतो. तो दाब हवेत विरत नाही. पाण्यावरचा जेवढा दाब कमी होतो तेवढा तो कणांच्या अंगावर येतो. वरच्या कणाला बसलेला धक्का तो खालच्याला देतो, खालचा त्यात आपला मिळवून त्याच्या खालच्याला. नवरात्रात गाभाऱ्याच्या दाराशी जो उभा असतो त्याला विचारा. शेवटच्या माणसाला कोणी ढकलत नसतं, पण दाराशी असलेल्याच्या छातीवर सगळ्या रांगेचा भार असतो. केकमध्येही तसंच होतं. वरच्या कणांवर दाब शून्य, कापडाजवळच्या कणांवर पूर्ण ७ किलो. कुठेही मोजलं तरी पाण्याचा दाब आणि कणांचा दाब मिळून बेरीज ७ भरते.

कण कडक असते तर हा भार त्यांनी मुकाट्यानं सोसला असता आणि पाण्याचा दाब केकच्या जाडीत सारखा उतरत गेला असता. तुमचे कण मऊ आहेत. कापडाजवळचे सगळ्यांत जास्त दबतात, तिथल्या वाटा मिटतात, तिथे पाण्याला सगळ्यांत जास्त झगडावं लागतं, म्हणून जवळजवळ सगळा दाब तिथेच खर्च होतो. उरलेल्या जाडीत पाण्याचा दाब फारसा उतरतच नाही. दाब उतरला नाही म्हणजे तिथल्या कणांवर भारही आला नाही. म्हणून मधला चिखल चिखलच राहिला. तुम्ही वाढवलेले ३ किलो त्या पातळ चामड्यानं खाल्ले आणि ते आणखी घट्ट झालं.

ही गोष्ट आकड्यांत मांडता येते. केकचा अडथळा दाबाबरोबर किती वाढतो हे सांगायला एक घातांक वापरतात. त्याला दबण्याचा घातांक म्हणू. अजिबात न दबणाऱ्या केकला तो ०. खडूच्या भुकटीसारख्या थोड्या दबणाऱ्या केकला तो लहान असतो. सांडपाण्याच्या गाळाला ०.८, ०.९ आणि कधी १ किंवा त्याच्याही वर. आता तुमचं ४ वरून ७ बघा. घातांक ० असता तर पाणी पावणेदोन पट झालं असतं. ०.३ असता तर जवळजवळ दीडपट. ०.८ असेल तर वाढ साधारण १२ टक्के, ०.९ असेल तर ६ टक्के, आणि १ असेल तर काहीच नाही. बॅचला तेवढेच तास लागतात असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे तुमचा गाळ या शेवटच्या टोकाला आहे.

इथे माझी एक आठवण सांगते. मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये १४ हंगाम काढले. दुसऱ्याच हंगामात, जानेवारीतली रात्रपाळी होती. आमच्याकडे मडसाठी, म्हणजे उसाच्या रसातल्या गाळासाठी, रोटरी व्हॅक्यूम फिल्टर होता. क्लॅरिफायरच्या (रस निवळायच्या टाकीच्या) तळाचा गाळ त्याच्या हौदात येतो, मोठा ड्रम त्यात सावकाश फिरतो, आतून व्हॅक्यूम असतो, ड्रमच्या जाळीवर केक धरतो, वरून गरम पाण्याचे फवारे त्यातली उरलेली साखर धुतात आणि पलीकडे पातं तो केक खरवडून काढतं. तोच प्रेसमड, जो खत म्हणून शेतात जातो. त्या रात्री केक धरत नव्हता. जाळीवर कागदासारखा पातळ, चिकट, काळा थर यायचा आणि पात्याखालून तसाच पुढे निसटायचा. क्लॅरिफायरमध्ये मड चढत होता. शिफ्टमधल्या नव्या ऑपरेटरनं सुरुवातीपासूनच पूर्ण व्हॅक्यूम लावला होता. मीही त्याला तेच सांगितलं असतं. दर तासाला मी प्रेसमडचा नमुना घेत होते आणि त्यातली पोल, म्हणजे साखरेचं प्रमाण, चढतच होती. म्हणजे शेतकऱ्याची साखर गाळाबरोबर शेतात चालली होती.

पहाटे एक जुने फिटरमामा आले. त्यांनी ड्रमवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि विचारलं, "भुसा कुठाय?" बगॅसिलो, म्हणजे बगॅसमधून (उसाच्या चिपाडातून) चाळून घेतलेला बारीक भुसा, मडमध्ये मिसळावा लागतो. तो खेचून आणणारा पाइप तुंबला होता आणि मडमध्ये भुसा जवळजवळ जातच नव्हता. पाइप मोकळा केला. मग मामांनी केक धरण्याच्या भागातला व्हॅक्यूम (पाऱ्याच्या) २० सेंटिमीटरवर आणला. वरच्या, केक धुण्याच्या आणि सुकवण्याच्या भागात मात्र ५० सेंटिमीटर ठेवला. ड्रमच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला बोटाच्या पेराएवढा, तपकिरी, खरखरीत केक पात्यावरून लादीसारखा सुटून पडायला लागला. मी तिथेच उभी राहिले. व्हॅक्यूम कमी केल्यावर जास्त रस येतो, हे मी त्या पहाटे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

त्यामागचं कारण तुमच्या प्रेसला जसंच्या तसं लागू आहे. पहिला थर कसा बसतो यावर पुढचं सगळं ठरतं. जाळीवर किंवा कापडावर काहीच नसताना पूर्ण जोर लावला की पाणी सुसाट धावतं, बारीक कण त्याच्याबरोबर येऊन धाग्यांमधल्या भोकांत रुततात आणि वर चामडं तयार होतं. हळू सुरुवात केली तर गोळे अख्खे राहून सैलसर बसतात. भुसा काय करतो? तो न दबणारा सांगाडा देतो. मऊ मड त्या सांगाड्यात अडकून राहतो, भार भुशाच्या काड्या घेतात आणि मधल्या वाटा उघड्या राहतात. मोठा व्हॅक्यूम चांगलाच, पण केक तयार झाल्यावर. तोही अति झाला तर केकला भेगा पडतात, धुण्याचं पाणी त्या भेगांतून पळतं आणि साखर तिथेच राहते. असे भेगाळलेले केकही मी खूप पाहिले.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते.

प्रेसला गाळ सोडताना पहिली दहा मिनिटं प्रेशर १ किलोच्या वर जाऊ देऊ नका. मग अर्ध्या अर्ध्या किलोनं चढवा आणि ४ ते ५ वर थांबा. पंप मोठा आहे तर बायपासचा व्हॉल्व्ह थोडा उघडून हे जमतं. पंप कोणत्या प्रकारचा आहे हे तुम्ही लिहिलं नाहीत. सेंट्रिफ्यूगल असेल तर मला दुसरी शंका येते. त्याचा पंखा पॉलिमरनं (गाळाचे कण एकत्र धरणाऱ्या रसायनानं) बांधलेले गोळे फोडतो. टाकीत सुंदर दिसणारा गाळ प्रेसमध्ये पीठ होऊन पोहोचतो. पंपाच्या पुढच्या नळातून आणि टाकीतून एकेक काचेचा ग्लास भरून शेजारी ठेवा. टाकीतल्या ग्लासात गोळे चटकन खाली बसून वर निवळ पाणी राहिलं आणि पंपाच्या ग्लासात सगळं गढूळच राहिलं, तर दोष तिथे आहे. स्क्रू पंप किंवा डायफ्रॅम पंप गोळ्यांना जपतो.

चुन्याचा डोस सहज वाढवू नका, पण कमीही करू नका. चुन्याचे कण कडक असतात आणि ते भुशाचंच काम करतात. केकचं वजन मात्र वाढतं आणि ते उचलून न्यायचे पैसे तुम्हीच देता, हेही मालकांच्या कानावर घाला. बॉयलरची राख किंवा लाकडाचा भुसा मिसळून पाहण्याआधी तुमचा केक जिथे जातो तिथली परवानगी बघा. आणि प्लेटांमधली पोकळी जाड असेल तर पुढच्या खरेदीत पातळ पोकळीच्या प्लेटा मागा. वेळ जाडीच्या वर्गानं वाढतो. त्यामुळे पातळ केकच्या दोन बॅचेस जाड केकच्या एका बॅचपेक्षा लवकर निघू शकतात, प्रेस उघडझाप करायला लागणारा वेळ धरूनसुद्धा.

पण यातलं काहीही करण्याआधी एक चाचणी करा. शेजारच्या कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये बुखनर फनेल (तळाला भोकं असलेलं गाळायचं फनेल) आणि व्हॅक्यूम पंप मिळेल. फनेलवर फिल्टर पेपर, त्यात २०० मिलिलिटर गाळ. व्हॅक्यूम २० सेंटिमीटर ठेवा आणि १०० मिलिलिटर पाणी जमायला किती सेकंद लागतात ते लिहा. पुन्हा ताजा गाळ, नवा कागद, व्हॅक्यूम ४० सेंटिमीटर. समजा पहिल्या वेळी १८० सेकंद लागले. दुसऱ्या वेळी ९० लागले तर गाळ दबत नाही, पंप खुशाल मोठा ठेवा. १६० लागले तर घातांक ०.८ च्या आसपास आहे. १८० च लागले तर दाब वाढवून एक थेंबही जास्त मिळणार नाही आणि सगळा जोर गाळ नीट बांधण्यावर, म्हणजे डोस आणि ढवळण्यावर लावावा लागेल. पॉलिमरचा डोस बदलाल तेव्हा हीच चाचणी पुन्हा करा. या दोन आकड्यांनी मालकांचं मन वळेल.

प्रश्न : मी केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलला आम्ही खडूची स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेली भुकटी, गाळली आणि वेळ भागिले घनफळ विरुद्ध घनफळ असा आलेख काढला. पहिले दोन बिंदू सोडले तर सरळ रेषा आली. सर म्हणाले, रेषा सरळ आहे म्हणजे केक दबत नाही. पण दाब दुप्पट केल्यावर रेषेचा चढ निम्मा झाला नाही, त्याहून जास्त राहिला. मग खरं काय?

तुझं निरीक्षण खरं आहे. सरांना आदरानं सांग, की दाब स्थिर असेल तर दबणाऱ्या केकचीही रेषा सरळच येते. केकच्या आत थर वेगवेगळे असले, कापडाशी घट्ट आणि वर सैल, तरी ठरावीक दाबाला त्या सगळ्यांचा सरासरी अडथळा ठरावीक राहतो. केक जाड होतो तेव्हा आतलं चित्र तसंच ताणलं जातं. आलेखाला फक्त सरासरी दिसते. दबण्याचा पुरावा एका रेषेत शोधू नकोस, वेगवेगळ्या दाबांच्या रेषांची तुलना कर. तुझ्या दोन चढांच्या गुणोत्तरावरून घातांक काढ. खडूला तो छोटा यावा. फार मोठा आला तर वजनमापं पुन्हा तपास. पहिले दोन बिंदू ढळले ते दाब चढेपर्यंतचे आणि कोऱ्या कापडाचे आहेत. ते सोडलेस ते बरोबर, पण वहीत तसं लिहून ठेव.

या विषयाचा इतिहास थोडा वाच, समजायला मदत होते. १८५६ मध्ये हेन्री दार्सी यानं फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर लिहिताना वाळूच्या स्तंभातून पाणी किती वेगानं जातं त्याचा नियम दिला. वाळू दबत नव्हती, म्हणून नियम सुटसुटीत निघाला. १९२० च्या दशकात टेर्झागी हा इंजिनिअर इमारतींखालची ओली चिकणमाती अभ्यासत होता. एकूण भार पाणी आणि कण वाटून घेतात, ही गोष्ट त्यानं नीट मांडली. गाळण्याच्या क्षेत्रात १९३० च्या दशकात रुथ यानं तुझ्या आलेखाची पद्धत घालून दिली आणि १९५० च्या दशकापासून फ्रँक टिलर यानं केकच्या पोटात शिरून पाहिलं : कुठे किती पोकळी, कुठे किती दाब. फार दबणाऱ्या केकमध्ये कापडाशी पातळ कातडी धरते आणि तीच सगळा दाब खाते, ही मांडणी टिलरची. मी तंत्रनिकेतनात शिकवायला लागल्यावर हे वाचलं, तेव्हा मला ती जानेवारीतली पहाट कळली.

एक बारीक गोष्ट तुझ्यासाठी. दबणाऱ्या केकमध्ये पाण्याचा वेग सगळ्या जाडीत सारखा नसतो. वरचे थर नवा भार येताच आवळतात, आपल्या पोटातलं पाणी पिळून खाली सोडतात आणि कणही हळूहळू कापडाकडे सरकतात. पातळ स्लरीत हा फरक नगण्य असतो, दाट स्लरीत नसतो. व्हायवाला कोणी हे विचारणार नाही, पण तू विचारात घे.

प्रश्न : मी मिरजेत घरून श्रीखंडाच्या ऑर्डरी घेते. पाडव्याला चक्का लवकर मिळावा म्हणून ५ किलो दह्याच्या एकाच गाठोड्यावर पाटा ठेवला. बाहेरून दही कापडाला घट्ट धरलं, आतून पातळच राहिलं आणि सकाळपर्यंत आंबट झालं. पाटा हलका होता का?

ताई, पाटा जड होता आणि वेळेआधी आला. वरच्या ऑपरेटरदादांचं उत्तर वाचा, तुमचं दही त्यांच्या गाळासारखंच वागलं.

नुसतं टांगलेलं दही आपल्याच वजनानं निथळतं. २० सेंटिमीटर उंचीचं गाठोडं असेल तर तळाशी दाब चौरस सेंटिमीटरला फक्त २० ग्रॅम. त्याच गाठोड्यावर, २० सेंटिमीटर रुंद ताटलीतून, १० किलोचा पाटा आला की आणखी ३० ग्रॅम. आकडे किरकोळ वाटतात, पण विरजलेल्या दह्याची जाळी फार नाजूक असते. ती कापडाशी मिटली की आतली निवळी कोंडते.

५ किलोचं एक गाठोडं करू नका, किलो किलोची पाच करा. जाडी अर्धी झाली की वेळ पाव होतो, म्हणून आंबट व्हायच्या आत चक्का तयार होतो. पहिले तीन-चार तास नुसतं टांगा. मग गाठ सोडा, कापडाला धरलेला घट्ट थर उलथन्यानं खरवडून मधल्या दह्यात मिसळा आणि कापडाची कोरडी बाजू दह्याकडे येईल असं पुन्हा बांधा. आता हलकं वजन ठेवलं तरी चालेल, शक्यतो फ्रीजमध्ये. घाईनं हातानं पिळू नका. पिळलं की निवळीबरोबर दहीच कापडातून बाहेर येतं.

इचलकरंजीच्या दादांनी दोन्ही व्हॅक्यूमचे सेकंद लिहून मला कळवावेत, सोबत पंपाचा प्रकार आणि पॉलिमरचा डोसही. आकडे हातात आले की डोस किती ठेवायचा ते आपण मिळून ठरवू.